चादर धरणारी माणसं

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात रोगिर व्हान डर वेडन या चित्रकाराचं एक मोठं चित्र आहे. साधारण १४३५ सालचं. येशूचं शरीर वधस्तंभावरून उतरवून घेताहेत. माझी भाची सांगलीत चित्रकला शिकते. तिने टॅबवर ते चित्र उघडून माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "मावशी, सगळ्यात आधी काय दिसलं?" मी येशूच्या आईचा, मरीयेचा चेहरा म्हणेन, नाहीतर डोळ्यांतलं पाणी म्हणेन, असं तिला वाटलं असणार. मी म्हटलं, "यांनी बॉडी बरोबर धरलीय."

खरंच बरोबर धरलीय. मागचा दाढीवाला माणूस काखेतून उचलतोय, पण त्याचे हात आणि अंगाची कातडी यांच्यामध्ये पांढरं कापड आहे. तेच कापड पुढे पायांकडे येतं आणि तिथे जरीचा झगा घातलेल्या माणसाने ते धरलंय. सैल पडलेलं शरीर नुसत्या हातांनी उचलता येत नाही, घसरतं. वॉर्डात आम्ही खालच्या चादरीच्या कडा गुंडाळून मुठीत घ्यायचो आणि "एक, दोन, तीन" म्हणत सगळे एकदम उचलायचो. या चित्रकाराने कुठेतरी, कुणाच्या तरी घरी, हे जवळून पाहिलेलं आहे. त्याशिवाय ते कापड तिथे आलं नसतं.

मी मिरजेत नर्स होते. आता निवृत्त आहे. जन्माने ख्रिस्ती, आणि तेही प्रोटेस्टंट मंडळीतली, त्यामुळे लहानपणापासून चर्चमध्ये चित्र म्हणून पाहिलंच नाही. आमच्याकडे पुलपिटमागे एक लाकडी क्रूस, तोही रिकामा, आणि भिंतीवर रंगवलेलं एक वचन. मूर्ती करू नको ही आज्ञा मिशनच्या लोकांनी फार कडक पाळली. आमच्यापर्यंत प्रभूचं दुःख कानांतून आलं. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन उपासना, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात संदेश, आणि मधेमधे पेटीवर संथ चालीतली गीतं. नारायण वामन टिळकांची गीतं म्हणताना माझी आजी डोळे मिटून घ्यायची, आणि तिचा आवाज कापायला लागायचा. दुःख दिसतं कसं, ते आम्हाला कुणी दाखवलं नव्हतं.

ते दिसलं शेजारच्या गोव्याच्या कॅथलिक बाईंकडे. त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात मरीयेच्या छातीत सात तलवारी होत्या. मी घाबरून विचारलं होतं, की हिला कुणी मारलं? त्यांनी मला सगळं नीट सांगितलं. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात म्हातारा शिमोन बाळ येशूला हातात घेतो आणि त्याच्या आईला सांगतो, तुझ्या जिवातूनही तलवार आरपार जाईल. ती पहिली तलवार. मग बाळाला घेऊन मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, पळणं, बारा वर्षांचा मुलगा यरुशलेमेत हरवणं, क्रूस वाहून नेताना त्याची भेट, त्याचं मरण, त्याला खाली उतरवून मांडीवर घेणं, आणि शेवटी कबर. १५ सप्टेंबरला कॅथलिक लोक या दुःखी मातेचा सण पाळतात. मला त्या यादीतलं हरवलेलं पोर सगळ्यात जास्त लक्षात राहिलं. बाकीची दुःखं मोठी खरी, पण यात्रेत मूल हरवल्यावरचे ते तीन दिवस कुठल्याही आईला कळतात.

तर त्या मोठ्या चित्राकडे येते. ते आजच्या बेल्जियममधल्या लुव्हेन शहरातल्या धनुर्धाऱ्यांच्या संघासाठी काढलेलं होतं. वरच्या कोपऱ्यांत नक्षीमध्ये चित्रकाराने इवलीशी धनुष्यं काढून ठेवली आहेत. ओकच्या फळ्यांवरचं तैलचित्र, उंची दोन मीटरहून जास्त, माणसं जवळजवळ खऱ्या मापाची. आणि मागे ना डोंगर, ना आभाळ. एका उथळ सोनेरी कपाटात दहा माणसं दाटीवाटीने उभी केल्यासारखी. आयसीयूच्या दाराशी एकाच घरची दहा माणसं उभी असतात तेव्हा त्यांनाही मागचं काही दिसत नसतं.

मरीया बेशुद्ध पडते आहे. चेहरा पांढराफटक, ओठांवरचा रंग गेलेला, डोळे पुरते मिटलेले नाहीत. निळा झगा, आणि तो निळा रंगही साधा नव्हे, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला दगड कुटून केलेला. सगळे जाणकार सांगतात, की मुलाचं शरीर जसं वाकलंय तशीच आई वाकली आहे. त्याचा हात जसा लोंबतोय तसाच तिचाही. ते मला भाचीने बोट ठेवून दाखवलं आणि ते खरंच विलक्षण आहे. पण माझी नजर येशूचा शिष्य योहान याच्याकडे गेली. लाल कपड्यांतला तो तरुण, स्वतःचे डोळे रडून सुजलेले, पण तो खाली वाकून तिला दंडाला धरतोय. मागून हिरव्या कपड्यांतली एक बाई तिला आधार देतेय. डोकं जमिनीवर आपटायच्या आत दोघं पोचली आहेत. शिडीवरच्या पोराच्या हातात काढलेले खिळे आहेत, रक्ताने माखलेले. एक जण मागे सुगंधी द्रव्याची बरणी घेऊन थांबलाय. डावीकडची एक बाई रुमालाने डोळे पुसतेय आणि अगदी उजवीकडे येशूची शिष्या मग्दालीया मरीया हात एकमेकांत पिळून स्वतःभोवती आवळून उभी आहे. या दोघींना मात्र काही काम मिळालेलं नाही. आणि सगळ्यात असह्य अवस्था मला मग्दालीयेचीच वाटते.

मला जे सांगायचंय ते हेच. या चित्रांमधलं दुःख मला पटतं ते तिथल्या कामामुळे. कुणी धरतंय, कुणी पुसतंय, कुणी खिळा काढतंय, आणि एखादी अशी असते जिला हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. चाळीशी ओलांडल्यावर मला वॉर्डात एक गोष्ट कळायला लागली होती. दार उघडून आत गेलं की रडण्याच्या आवाजावरून काही कळायचं नाही, कोण कुठे उभं आहे आणि त्याच्या हातात काय आहे यावरून नातं कळायचं.

जतकडची एक बाई आठवते. तरणा मुलगा ट्रॅक्टरखाली सापडलेला, आणला तेव्हाच संपलेला होता. ती रडली नाही. पाण्याची बाटली उघडून पदर भिजवला आणि मुलाच्या पायाचा चिखल पुसायला लागली. बोटांच्या बेचक्यांतला, नखांतला. मला म्हणाली, "शिस्टर, जेवला न्हवता वो त्यो." मी म्हटलं, "बसा ताई." बसली नाही. कागदावर अंगठा उभ्यानेच दिला, कपडे उभ्यानेच ताब्यात घेतले, चपला विचारून घेतल्या. अॅम्ब्युलन्सचं दार लागलं तेव्हा मात्र ती एकदम खाली गेली. वॉर्डबॉयने धरली म्हणून लागलं नाही.

म्हणून भाचीने जेव्हा सांगितलं, की मरीया बेशुद्ध पडली की उभी होती यावर चर्चमध्ये एके काळी मोठा वाद झाला होता, तेव्हा मी सावरून बसले. योहानाच्या शुभवर्तमानात साधं लिहिलंय, येशूच्या वधस्तंभाजवळ त्याची आई उभी होती. पडली असं कुठेच नाही. पण पंधराव्या शतकात चित्रकार तिला सर्रास पडताना काढू लागले, आणि तिच्या मूर्च्छेचा वेगळा सण असावा अशी मागणीही पुढे आली. १५०६ साली कायेतान नावाच्या मोठ्या धर्मपंडिताने त्याविरुद्ध लिहिलं. त्याचं म्हणणं होतं, की शास्त्रात ती उभी आहे. बेशुद्ध माणसाला दुःख कळतच नाही, आणि तिने तर ते पूर्ण शुद्धीत सोसलं. पुढे ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर कॅथलिक पंडितांनी चित्रकारांना उभी मरीयाच काढायला सांगितलं.

कायेतानचं बरंच मला पटतं. पण मी दोन्ही पाहिलेलं आहे, एकाच बाईत, तासाभराच्या अंतराने. जोवर मुलासाठी काही करायचं बाकी असतं तोवर आई उभी असते. रोगिरच्या चित्रात मुलाला इतर लोकांनी उचललेलं आहे, तिच्या हातातून काम गेलंय, आणि नेमकी तेव्हाच ती पडते. मला यात शास्त्राला धक्का लागलेला दिसत नाही.

आता कोलमारचं चित्र. फ्रान्समधल्या आल्सास प्रांतात कोलमारच्या संग्रहालयात ग्र्युनेवाल्ड या जर्मन चित्रकाराची वेदी, म्हणजे वेदीवर उभी करायची रंगवलेली फळ्यांची चौकट, आहे, १५१२ ते १५१६ या काळातली. ही वेदी मुळात इझेनहाइमच्या मठातली, आणि त्या मठाचे साधू दवाखाना चालवत. तिथे येणाऱ्यांना जो रोग असे त्याला सेंट अँथनीची आग म्हणत. अंगाची आग, हातापायांची बोटं काळी पडून झडणं. राय नावाच्या धान्यावर पडणाऱ्या अरगट बुरशीमुळे हे होतं, हे नंतर कळलं. अरगट हे नाव ऐकून मी ताडकन उठलेच. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला आम्ही जे मेथर्जिनचं इंजेक्शन द्यायचो, ते त्याच बुरशीच्या कुळातलं औषध! रक्तवाहिन्या आवळण्याचा तोच गुण. प्रसूतिगृहात तो आईला वाचवतो आणि त्या काळच्या पावातून पोटात गेला की पाय कापावे लागत.

तर असे रोगी त्या वेदीसमोर आणले जात. आणि समोर कसला येशू? हिरवट कातडी, अंगभर फोड आणि रुतलेले काटे, बोटं वेडीवाकडी ताणलेली, पायांवर एकाच खिळ्याने फाटलेलं मांस. मी इतक्या जखमा पाहिल्या आहेत, तरी हे चित्र मोठं करून बघताना मला थांबावं लागलं. सुंदर, गोरा, झोपल्यासारखा येशू त्या रोग्यांच्या काय उपयोगाचा होता? त्यांना त्यांच्यासारखी कातडी असलेला हवा होता. खाली कबरेच्या प्रसंगाची एक लांब पट्टी आहे, दोन फळ्यांची. त्या सरकवून उघडल्या की येशूचे पाय शरीरापासून सुटे होतात. पाय कापलेल्या रोग्यांना हे आपलंच वाटावं म्हणून असं केलं असावं, असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते सहज खरं वाटतं. या चित्रात मरीया निळ्यात नाही, पूर्ण पांढऱ्या कपड्यात आहे, आणि पडतानासुद्धा तिचे हात एकमेकांत घट्ट धरलेले आहेत. शेजारी मग्दालीया गुडघ्यावर, बोटं अशी वाकवलेली की ती मोडतील.

मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात मान्तेन्याचं चित्र आहे, साधारण १४८० चं, आकाराने लहानसं. दगडी शिळेवर मृत येशू, पाय आपल्याकडे. म्हणजे आपण कॉटच्या पायथ्याशी उभे आहोत. राऊंडला आम्ही तिथेच उभ्या राहायचो. तळव्यांवरच्या जखमा कोरड्या पडलेल्या, कडा आत वळलेल्या; त्यांतून आता रक्त येणार नाही हे कुठल्याही नर्सला कळेल. इतक्या जवळून पाहिलं तर पाय केवढे तरी मोठे दिसायला हवेत, पण चित्रकाराने ते मुद्दाम लहान ठेवले, नाहीतर चेहरा झाकला गेला असता. आणि कडेला मरीया. म्हातारी, सुरकुतलेली, तोंड वेडंवाकडं झालेलं, हातात रुमाल. तेहेतीस वर्षांच्या मुलाची आई अशीच दिसणार! मायकेलअँजेलोच्या संगमरवरी पुतळ्यातली, मृत मुलाला मांडीवर घेतलेली आई मुलापेक्षा लहान वाटते. तो पुतळा जगाला प्रिय आहे आणि मीही त्याच्या फोटोंपुढे थबकले आहे, पण सोबत म्हणून मला मान्तेन्याची म्हातारी हवी.

अश्रूंबद्दल थोडं सांगते, कारण भाचीने ते मला भिंग लावल्यासारखं दाखवलं. डिर्क बाउट्स आणि त्याच्या घराण्यातल्या चित्रकारांनी मरीयेचे नुसते अर्ध्या अंगाचे चेहरे काढले, हात जोडलेले, पापण्या लाल. घरात ठेवून प्रार्थना करण्यासाठी अशी चित्रं लोक घेत. गालावरच्या थेंबाच्या वर एक बारीक पांढरा ठिपका असतो, प्रकाश पडतो तिथे. थेंबाच्या खालच्या कडेला आतून आलेला उजेड, आणि त्याखाली गालावर केसाएवढी सावली. मधे गालाचाच रंग दिसत राहतो. तेलात रंग पातळ करून एकावर एक थर देता येतात, म्हणून हे जमलं. अंड्याच्या बलकातला रंग इतका पटकन वाळतो की असला पारदर्शक थेंब काढणं फार अवघड. या बायकांच्या नाकाचा शेंडाही किंचित लाल आहे. ती रात्रभर रडली आहे आणि आता थकली आहे, असा तो चेहरा.

याउलट गुइदो रेनीच्या धाटणीची येशूची ती चित्रं, काट्यांचा मुकुट, डोळे आभाळाकडे, ओठ विलग. त्यांच्याच नकला पुढे छापील तसबिरींत आणि कॅलेंडरांवर आल्या. लोकांनी त्यांच्यापुढे मनापासून प्रार्थना केल्या आहेत, त्या प्रार्थनांचा मला आदर आहे. पण चित्र म्हणून मला त्यात दुःख कमी दिसतं. खरं दुःख झालेलं माणूस वर बघत नाही. ते चपला शोधतं.

इटलीतल्या पादुआच्या छोट्या चॅपेलमधली जोत्तोची भित्तिचित्रं १३०५ च्या सुमाराची, म्हणजे या सगळ्यांच्या आधीची. तिथल्या शोकाच्या चित्रात आपल्याकडे पाठ करून बसलेल्या दोन बायका आहेत. एकीने येशूचं डोकं पेललंय. त्यांचे चेहरे आपल्याला दिसतच नाहीत, फक्त झग्याखालची गोल पाठ. मयताला गेल्यावर दारातून आत पाऊल टाकताना आधी दिसतात त्या अशाच पाठी. मग्दालीया पायांशी, दोन्ही पाय हातात घेऊन. वर देवदूत आकांत करताहेत, कुणी तोंड झाकलंय, कुणी कपडे फाडतंय. पण खालची माणसं गप्प आहेत आणि त्यांनी मुलाला धरून ठेवलंय.

आणि इटालियन चित्रकार कारावाज्जो. त्याने मरीयेच्याच मरणाचं चित्र काढलं, १६०१ ते १६०६ च्या दरम्यान, रोममधल्या एका चर्चसाठी. फुगलेलं पोट, उघडी पावलं, साधा लाल झगा. तिथल्या साधूंनी ते नाकारलं. चित्रकार रूबेन्सच्या सांगण्यावरून मान्तुआच्या ड्यूकने ते विकत घेतलं. आज ते पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे. पुढ्यात एक तरुण बाई बुटक्या खुर्चीवर दुमडून बसली आहे, चेहरा दिसत नाही. तिच्या पायाशी तांब्याचं घंगाळ. अंघोळ घालायची आहे, पाणी आणून ठेवलंय, आणि तिला उठवत नाहीये. रात्रपाळीला असं घंगाळ... आमच्याकडे स्टीलचं असायचं, पण असं भांडं समोर घेऊन मीही बसलेली आहे, पेशंट फार दिवस माझ्याकडे असला की.

आपल्याकडे हे कुणी केलं का, असं मी भाचीला विचारलं. तिने आंजेलो द फोन्सेका यांची चित्रं दाखवली. १९०२ साली गोव्यात जन्मलेले, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकलेले, आणि नंतर पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिलेले. त्यांनी मरीयेला साडी नेसवली, आपल्या बायकांचा सावळा चेहरा दिला. गोव्यात त्यावरून नाराजी झाली. मला ती मरीया पाहून भरून आलं. हिच्या पदराला काहीतरी पुसता येईल!

आता भाचीचं शेवटच्या वर्षाचं चित्र चाललंय, विषय हाच. जागा म्हणून तिने सरकारी दवाखान्याचा व्हरांडा घेतलाय, स्ट्रेचर, पाणी गळणारा नळ, भिंतीवरचा चुना. पहिल्या कच्च्या चित्रात सगळेच रडत होते. मी तिला एकेकाला काम द्यायला सांगितलं. योहानाच्या शुभवर्तमानात अरिमथाईकर योसेफ रोमन सुभेदार पिलाताकडे येशूचं शरीर नेण्याची परवानगी मागायला जातो, म्हणजे एक माणूस कागद घेऊन धावपळ करणारा हवा. निकदेम गंधरस आणि अगरू आणतो, आजच्या मापाने तीसेक किलो. एवढं ओझं वाहून आणलेल्या माणसाला घाम आलेला हवा. चादर धरणारे दोघं तिने माझ्यावरून काढले. तिच्या खोलीत मी आणि तिची मैत्रीण एका उशांच्या ढिगाखालची चादर मुठीत धरून उभ्या राहिलो आणि तिने आमची मनगटं काढली. चांगली आलीत. शिरा दिसतात.

मरीयेबद्दल आमचं एकमत होत नाहीये. तिला ती स्ट्रेचरशेजारी जमिनीवर बसलेली हवी आहे, पाय पसरून, जशा आपल्या बायका बसतात. मी म्हणते उभी ठेव, हातात मुलाच्या चपला दे. ती म्हणते, चपला फार होतील मावशी, लोकांना कळणार नाही. मी म्हणते, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. काल तिने दोन्ही प्रकारे काढून फोटो पाठवलेत. बसलेलीही वाईट नाही.